संशयाला कारण लागते

लिनक्सचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर उतरवणारी एखादी छोटी स्क्रिप्ट विंडोजच्या संगणकावर दुरुस्त करून सेव्ह केली आणि मग लिनक्सच्या टर्मिनलमध्ये चालवली, की बरेचदा एक चक्रावून टाकणारे उत्तर मिळते: अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. फोल्डर उघडून पाहावे तर फाइल जागेवर असते. नाव बरोबर असते, चालवण्याची परवानगी दिलेली असते, आतला मजकूर वाचता येतो. डोळ्यांसमोरची वस्तू नाही असे यंत्र सांगते, आणि माणूस तीच आज्ञा पुन्हा देतो, नाव पुन्हा टाइप करतो, शेवटी वैतागून फाइल नव्याने डाउनलोड करतो. कारण पहिल्या ओळीच्या टोकाला दडलेले असते. ही स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रॅमकडून वाचून घ्यायची, त्याचा पत्ता पहिल्या ओळीत दिलेला असतो, बहुधा बॅशचा. टेलिप्रिंटरच्या काळात ओळ संपली की यंत्राला दोन आज्ञा द्याव्या लागत: छपाईचा दट्ट्या डावीकडे परत ने, आणि कागद एक ओळ वर सरकव. डॉसने आणि पुढे विंडोजने ही दोन्ही चिन्हे ठेवली, युनिक्सने एकावर भागवले. त्यामुळे विंडोजवर सेव्ह झालेल्या ओळीच्या शेवटी ‘परत ने’ हे न दिसणारे चिन्ह शिल्लक राहते, आणि लिनक्सचा कर्नल त्याला पत्त्याचाच भाग धरतो. बॅश संगणकात आहे. पण नावाच्या शेपटीला ते अदृश्य अक्षर चिकटलेला बॅश कुठेच नाही. यंत्र बोलले ते शब्दशः खरे होते.

शिंपल्यावर चांदीचा भास होतो तेव्हा चूक नेमकी कुठे घडते, या प्रश्नावर आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके वाद घातला. मीमांसक प्रभाकराचे उत्तर सर्वांत धाडसी आहे. त्याच्या मते तिथे खोटे ज्ञान असे काही उत्पन्नच होत नाही. ‘हे’ एवढे प्रत्यक्ष दिसते, ते खरे. ‘चांदी’ आठवते, तीही पूर्वी पाहिलेली खरीच. दोन ज्ञाने वेगळी आहेत, एवढे फक्त त्या क्षणी लक्षात येत नाही. हा भेद न कळणे म्हणजेच भ्रम. स्क्रिप्टच्या बाबतीत हे वर्णन विलक्षण चपखल बसते. ‘नाही’ हे यंत्राकडून आलेले, खरे. ‘कोणती’ हे आपल्या आठवणीतून आलेले, कारण नुकतेच आपण स्क्रिप्टचे नाव टाइप केलेले असते. दोन्ही जोडली गेली आणि जोड कुठे आहे ते दिसले नाही. नैयायिक यावर म्हणतात की नुसता भेद न कळण्याने माणूस शिंपला उचलायला वाकणार नाही. वाकतो म्हणजे ‘हीच चांदी’ असे एक ठाम, चुकीचे ज्ञान त्याला झालेले असते. हा आक्षेप वजनदार आहे. ‘स्क्रिप्टच सापडत नाही’ अशी पक्की समजूत झाल्याशिवाय कोणी ती पुन्हा डाउनलोड करत बसणार नाही. तरी उपायाच्या बाजूने पाहिले तर प्रभाकराचे पारडे जड राहते, कारण इथे उपाय म्हणजे दोन ज्ञाने सुटी करणे. मजकुरातली छुपी चिन्हे दाखवणारी आज्ञा दिली की ओळीच्या शेवटी ते चिन्ह उघडे पडते. मग डॉस-टू-युनिक्ससारख्या साधनाने ते काढणे क्षणाचे काम असते.

मात्र यंत्र सांगते ते सगळे असेच निर्दोष असते असे मानले तर आपण दुसऱ्या खड्ड्यात पडू. ऑक्टोबर २०१९ मध्ये जुन्या मॅकओएसचे इन्स्टॉलर जपून ठेवलेल्यांना, इन्स्टॉलरची प्रत खराब झाली आहे आणि तिचा उपयोग होणार नाही, असा संदेश दिसू लागला. फाइलींतला एक बिटसुद्धा बदललेला नव्हता. ज्या प्रमाणपत्राच्या आधारे अ‍ॅपलने त्यांवर डिजिटल सही केली होती, त्याची मुदत २४ ऑक्टोबर २०१९ रोजी संपली होती. संगणकाचे घड्याळ मागे नेले की तोच इन्स्टॉलर सुरळीत चालत असे. यंत्राने पाहिले ते इतकेच, की सही आज ग्राह्य नाही. ‘खराब’ हे अनुमान होते, आणि न्यायशास्त्राच्या भाषेत त्याचा हेतू, म्हणजे आधार, सव्यभिचार होता: सही अग्राह्य ठरण्याचे एक कारण बिघाड असू शकते, पण प्रत्येक अग्राह्य सहीमागे बिघाड असतोच असे नाही. म्हणजे संदेश वाचताना दोन ठिकाणी तपासावे लागते. आपण त्यात काय मिसळले, आणि सांगणाऱ्याने पाहिले किती व त्यावरून ताणले किती.

इथून मूळ प्रश्नाकडे येतो. ज्ञानावर विश्वास केव्हा ठेवावा आणि केव्हा काढून घ्यावा? या प्रश्नावर नैयायिक आणि मीमांसक एकमेकांसमोर उभे आहेत. नैयायिक म्हणतो, ज्ञानाचे खरेपण बाहेरून सिद्ध करावे लागते. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतो, ज्ञान उत्पन्न होते तेव्हा ते खरे म्हणूनच उत्पन्न होते. खोटेपण मात्र बाहेरून यावे लागते, आणि ते दोनच वाटांनी येते. एक तर नंतरच्या ज्ञानाने आधीचे बाधित व्हावे, किंवा ज्या साधनाने ज्ञान झाले त्यातच दोष सापडावा. श्रद्धेच्या आणि संशयाच्या प्रश्नावर आपल्याकडे बोलले जाते तेव्हा कुमारिलाला श्रद्धेच्या खात्यात टाकून मोकळे होण्याची सवय आहे. मला वाटते, संशय कसा घ्यावा याची सर्वांत काटेकोर शिस्त त्याच्याकडेच आहे, आणि बिघडलेली स्क्रिप्ट दुरुस्त करणारा जाणता माणूस नकळत हीच शिस्त पाळत असतो. सगळे सिद्ध झाल्यावर कामाला लागू, असे तो म्हणत नाही. तो कामाला लागतो आणि जिथे बाध आला तिथे थांबतो. मग दोष साधनाच्या कोणत्या कडीत आहे ते शोधतो.

नैयायिकाची कसोटी आधी न्यायाने तपासली पाहिजे. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्याची सुरुवातच तिथून होते: ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफळ झाली की ते ज्ञान प्रमाण ठरते. पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली. पाणी खरे होते. विचार आकर्षक आहे, पण पेनड्राइव्ह बनवताना तो दोन ठिकाणी उघडा पडतो. यूईएफआयवर हमखास बूट व्हावे म्हणून पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करतात, आणि त्या पद्धतीत एका फाइलचा आकार ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. विंडोजच्या आयएसओमधली इन्स्टॉलेशनची मुख्य फाइल आता अनेकदा त्याहून मोठी असते. तिची नक्कल अर्ध्यावर तुटते. स्क्रिप्ट चूक झाल्यावर थांबण्याच्या बेताने लिहिलेली नसेल तर ती पुढच्या फाइलींकडे वळते आणि शेवटी ‘पूर्ण झाले’ असे छापते. असा पेनड्राइव्ह बूट होतो. इन्स्टॉलरचा पडदा येतो, भाषा विचारली जाते, कृती सफळ झाल्यासारखी वाटते, आणि प्रत्यक्ष इन्स्टॉलेशनची वेळ आली की सगळे कोसळते. दुसरा प्रकार याहून घातक. पेनड्राइव्ह माउंट करण्याची आज्ञा अयशस्वी होते, पण ज्या रिकाम्या फोल्डरवर तो माउंट व्हायचा ते फोल्डर संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर असतेच. स्क्रिप्ट सगळ्या फाइली तिथे ओतते आणि समाधानाने संपते. पेनड्राइव्ह कोराच राहतो. सफळता जेवढी कृती केली तेवढ्यापुरतीच साक्ष देते. बूट झाल्याने बूट होण्यापलीकडचे काही सिद्ध होत नाही. मोठ्याने अडून बसणारी स्क्रिप्ट अशा मुकाट यशापेक्षा कितीतरी भली, कारण ती बाध देते आणि बाध हेही ज्ञान आहे. चुकीच्या संदेशावर रागावणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे असे मला कळकळीने वाटते.

यावर एक जबाबदार आक्षेप येईल: बाध येईपर्यंत विश्वास ठेवायचा म्हणजे चोर घरात शिरेपर्यंत दार उघडे ठेवायचे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा मागचे दार बसवलेल्या आयएसओकडे वळवला गेला. ज्यांनी ती उतरवली त्यांच्याकडे स्क्रिप्ट चालली, पेनड्राइव्ह बनला, संगणक सुरू झाला. बाध कुठेच आला नाही. आक्षेप खरा आहे, पण तो कुमारिलाला लागू पडत नाही. बाधाची वाट पाहा, एवढेच तो सांगत नाही. साधनातला दोष ही दुसरी वाटही त्याने मोकळी ठेवली आहे. जाळ्यावरून येणारी फाइल वाटेत बदलली जाऊ शकते हे आता माहीत झालेले आहे, आणि माहीत झालेली दोषाची जागा हे संशयाचे पुरेसे कारण आहे. म्हणून चेकसम पडताळावा. ज्या पानावर फाइल त्याच पानावर चेकसम असेल तर मात्र तो आरोपीने स्वतःसाठी दिलेली साक्ष ठरतो. दुवा बदलू शकणारा आकडाही बदलू शकतो. म्हणून वेगळ्या वाटेने मिळवलेल्या किल्लीने सही पडताळावी. आठव्या शतकातल्या शांतरक्षित आणि कमलशील या बौद्ध आचार्यांनी कुमारिलाचे खंडन करताना म्हटले की सरसकट नियमच करू नका, सवयीच्या गोष्टींचे ज्ञान आपोआप पटते, अनोळखी गोष्टींचे तपासून घ्यावे लागते. व्यवहारात हा सल्ला उत्तम आहे. पण अनोळखी गोष्ट तपासावी का वाटते, याचे उत्तर शोधायला गेले की पुन्हा दोषाची शक्यता माहीत असणे हेच हाती येते.

मग प्रश्न येतो की तपासणी थांबवायची कुठे. सही पडताळणारा प्रोग्रॅम खरा कशावरून? तो ज्या कंपायलरने बनला तो खरा कशावरून? युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात, जे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले, हे भय सिद्धांताच्या टोकाला नेऊन दाखवले. कंपायलरमध्ये असा छुपा भाग घालता येतो की तो लॉगिनच्या प्रोग्रॅममध्ये चोरवाट बसवतो आणि स्वतःच्या पुढच्या पिढीत स्वतःलाही उतरवतो. मूळ सोर्समध्ये मग त्याची खूणही उरत नाही. शास्त्रकार ज्याला अनवस्था म्हणतात ती ही. ग्नू गिक्स प्रकल्पातल्या लोकांनी २०२३ मध्ये तिच्याशी झुंज दिली. अवघ्या ३५७ बाइटांच्या, माणसाला एकेक बाइट वाचून समजेल अशा बीजापासून सुरुवात करून, पायरीपायरीने कंपायलरपर्यंतची सारी साधने सोर्समधून उभारण्याची वाट त्यांनी घालून दिली. मला हे काम आपल्या काळातल्या सर्वांत प्रामाणिक बौद्धिक श्रमांपैकी एक वाटते. तरी त्या बीजाखाली कर्नल राहतो, त्याखाली प्रोसेसर, आणि त्याखाली तो घडवणारा कारखाना. अनवस्था आखूड झाली, संपली नाही. कुमारिलाने हे आधीच ओळखले होते. बाध आला तर दुसरे ज्ञान तपासा, त्यावर शंका आली तर तिसरे. तीनचार ज्ञानांपुढे जाण्याची गरज नसते, असे त्याचे म्हणणे. हा आळस नाही. पुढे संशय घ्यायला कारणच उरले नाही, तर पुढचा संशय हा प्रश्न राहत नाही, तो केवळ एक आवर्तन होतो. उदयनाचार्य तर नैयायिकांच्या गोटातले, पण त्यांनाही संशयाला हद्द घालावी लागली. संशय तिथपर्यंतच जातो जिथे तो संशय घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी भिडतो. धूर अग्नीपासूनच येतो का अशी शंका काढणाराही धूर हवा असला की विस्तवच पेटवतो. कर्नलवर शंका घेणारा ती शंका त्याच कर्नलवर चालणाऱ्या यंत्रात टाइप करतो.

कारण असलेला संशय किती दूर नेतो याचे उदाहरण मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता. एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आणि प्रोसेसर नको तेवढा राबतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते एक्सझेड या फाइली आकसणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांपर्यंत पोहोचले. मागचे दार तिथे होते. त्याचे मुख्य भाग चाचणीच्या फाइलींच्या रूपात दडवलेले होते, आणि त्यांना जागे करणारी स्क्रिप्ट प्रकाशित गठ्ठ्यात होती, सर्वांना दिसणाऱ्या सोर्सच्या भांडारात नव्हती. आर्च लिनक्सच्या मार्च महिन्याच्या इन्स्टॉलेशन माध्यमातही ती सदोष आवृत्ती जाऊन बसली होती, जरी आर्चच्या एसएसएचची रचना वेगळी असल्याने हल्ल्याची ज्ञात वाट तिथे लागू होत नव्हती. या प्रकरणात सह्या बनावट नव्हत्या. ज्याला प्रकाशनाचा अधिकार मिळाला होता त्यानेच गठ्ठा बाहेर काढला होता. सही ‘कोणी’ ते सांगते. त्याने जाणून सांगितले का, आणि जसे जाणले तसे सांगण्याची त्याची इच्छा होती का, हे ती सांगू शकत नाही. वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण करताना ज्या गोष्टी मागितल्या त्या नेमक्या याच. लाखोंनी विश्वास ठेवला म्हणून ते भोळे ठरत नाहीत. त्यांच्यासमोर कारण नव्हते. फ्रॉइंड यांच्यासमोर आले, आणि ‘असेल काहीतरी’ म्हणून ते त्यावरून पुढे गेले नाहीत. यालाच मी बाधाशी इमान म्हणतो.

आता सर्वांत अवघड आक्षेप. कुमारिलाने हा सारा सिद्धांत मांडला तो वेदांचे प्रामाण्य राखण्यासाठी. दोष वक्त्यात असतो. वेदांना कर्ता नाही. म्हणून दोषाला तिथे जागाच नाही, अशी ती मांडणी. ज्या सिद्धांताचा उगम एका ग्रंथाला प्रश्नांपासून वाचवण्यात आहे, त्याच्याकडून प्रश्न विचारायची शिस्त कशी शिकायची? शिवाय मीमांसेत वेदवचन प्रत्यक्षाशी विसंगत दिसले की त्याला अर्थवाद म्हणजे स्तुतीपर वचन ठरवून वाट काढतात. चूक नेहमी वाचणाऱ्याच्या पदरी, ग्रंथाच्या कधीच नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतही चूक वाचणाऱ्याची निघाली होती हे खरे. पण स्क्रिप्ट लिहिणाराही चुकतो, संदेश लिहिणाराही चुकतो, आणि जो शोध एक जागा कायमची वगळून सुरू होतो तो शोध अपुरा. हा आक्षेप मला मान्य आहे. अपौरुषेयत्व हा विश्वासाचा नियम नाही, तो नियमातून घेतलेली सूट आहे, आणि ती सूट बाजूला ठेवली तरी नियम उभा राहतो. माणसाच्या वचनापुरते कुमारिलही हेच सांगतो: तिथे वक्त्याचा दोष शोधायलाच हवा. आज जे ग्रंथ, जे गुरू आणि जे यंत्रलेख आपल्यापुढे येतात, त्यांच्यामागे कोणीतरी माणूस असतो. त्यांना ही सूट मागण्याचा अधिकार नाही.

मीमांसेच्या परंपरेतच याला एक जुना आधार आहे, आणि तो धर्मविचारात अधिक वेळा आठवला जावा असे मला वाटते. सोमयागात सदोमंडपातल्या औदुंबराच्या खांबाला स्पर्श करून उद्गात्याने गायन करावे असे श्रुती सांगते. एक स्मृतिवचन सांगते की तो संपूर्ण खांब वस्त्राने वेढावा. पूर्ण वेढला तर स्पर्श होणार कसा? मीमांसासूत्रांचा कर्ता जैमिनी याचे सूत्र अशा विरोधात स्मृती बाजूला ठेवते, आणि त्याच्या पुढचेच सूत्र म्हणते की तिच्यामागे हेतू दिसतो म्हणूनही. भाष्यकार शबरस्वामींनी तो हेतू उघड सांगितला: कोणाला तरी ते वस्त्र हवे होते, लोभाने खांब पूर्ण वेढला गेला, आणि त्या वागण्याचीच पुढे स्मृती झाली. आधी बाध, मग साधनातला दोष, आणि दोष एका माणसाच्या हव्यासात. क्रम तोच आहे. कुमारिलाला मात्र हे रुचले नाही. त्याने तंत्रवार्तिकात त्या स्मृतीला सांभाळून घेण्याची खटपट केली, आणि माझ्या मते तिथे तो स्वतःच्याच नियमापासून ढळला. शबराने असे काही केले नाही. मनूपासूनच्या साऱ्या स्मृतींवर त्याने या एका वचनापायी संशय पसरवला नाही, आणि साऱ्या स्मृतींच्या मानासाठी हे एक वचन राखलेही नाही.